न्युए: प्रत्येक मुलाच्या हाती लॅपटॉप आल्यानंतर

ऑगस्ट 2008 मध्ये न्युए या दक्षिण पॅसिफिकमधल्या देशात शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलाला लॅपटॉप मिळाला. मुलं पाचशेच्या आसपास. प्राथमिक शाळेतली आणि हायस्कुलातलीही. देशातल्या एकूण एक विद्यार्थ्याला स्वतःचा लॅपटॉप देणारा जगातला पहिला देश म्हणून न्युएचं नाव जगभरच्या बातम्यांत झळकलं. त्याच महिन्यात पॅसिफिक आयलंड्स फोरमची शिखर परिषद या बेटावर भरली होती, आसपासच्या देशांचे प्रमुख तिथे आलेले होते, त्यामुळे बातमी दूरवर गेली. पुढच्या काही वर्षांत मात्र ही योजना शाळांच्या रोजच्या कामातून विरत गेली.

शिक्षणात तंत्रज्ञान आणण्याच्या योजना फसतात तेव्हा कारणं ठरलेली असतात. दुर्गम भागात पोचलंच नाही, निम्म्याच मुलांना मिळालं, मधल्या मधे माल गेला, गावात रेंज नव्हती. न्युएत यातलं एकही कारण पुढे करता येत नाही. देश एवढा लहान की कोणी वगळलं जाण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून हे प्रकरण नीट पाहण्यासारखं आहे. नेहमीची कारणं बाजूला काढली की उरतं ते काय, हे इथे दिसतं.

बेट

न्युए म्हणजे समुद्रातून वर उचललं गेलेलं एक प्रवाळी बेट, 260 चौरस किलोमीटरचं. न्यूझीलंडच्या ईशान्येला साधारण 2,400 किलोमीटर. किनाऱ्यावर उभे कडे, त्यामुळे मोठं जहाज लागेल असं बंदर नाही. जहाज बाहेर नांगर टाकतं आणि माल लहान पडावांतून राजधानी अलोफीच्या धक्क्यावर येतो. समुद्र खवळलेला असेल तर थांबायचं. योजना आली त्या काळात ऑकलंडहून विमान आठवड्यातून एकदा यायचं. हे तपशील पुढे कामाला येणार आहेत.

ऑक्टोबर 1974 पासून देश स्वशासित आहे, पण न्यूझीलंडशी जोडलेला. न्युएची माणसं न्यूझीलंडची नागरिक असतात. 1966 च्या जनगणनेत बेटावर पाच हजारांहून अधिक लोक होते. 1970 च्या सुमारास विमानतळ झाला आणि घरंच्या घरं ऑकलंडला गेली. 2008 मध्ये बेटावर उरली होती सोळाशेच्या आसपास माणसं. गावोगावच्या शाळा एकत्र करत करत शेवटी संपूर्ण देशासाठी एक प्राथमिक शाळा आणि एक हायस्कूल राहिलं. हायस्कूलची मुलं न्यूझीलंडच्या परीक्षा पद्धतीला बसतात आणि पुढच्या शिक्षणासाठी बहुतेक जण बेट सोडतात.

बेटाची भाषा वगहाउ न्युए. युनेस्कोच्या यादीत ती धोक्यातल्या भाषांमध्ये आहे. ती बोलणाऱ्या समाजाचा मोठा हिस्सा आता न्यूझीलंडमध्ये राहतो, आणि तिथे वाढलेल्या मुलांच्या तोंडून ती कमी होत चालली आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. जानेवारी 2004 मध्ये हेटा चक्रीवादळाने हे बेट झोडपून काढलं. इस्पितळ गेलं. हुआनाकी सांस्कृतिक केंद्रातलं संग्रहालय गेलं, आणि त्यातल्या जवळजवळ 90 टक्के वस्तू नष्ट झाल्या. लॅपटॉप आले तेव्हा या घटनेला पुरती पाच वर्षंही झाली नव्हती.

इंटरनेटच्या बाबतीत मात्र न्युए तेव्हाच पुढे होतं. देशाला मिळालेलं डोमेन, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याची शेवटची अक्षरं, होतं डॉट एनयू. स्वीडिश, डॅनिश आणि डच भाषांत ‘नू’ म्हणजे ‘आत्ता’, त्यामुळे युरोपात, विशेषतः स्वीडनमध्ये, या डोमेनला चांगली मागणी आली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधून ते विकलं जाई आणि त्या उत्पन्नातून बेटावर इंटरनेट दिलं जाई. 2003 मध्ये बेटावर मोफत वायफाय सुरू झालं आणि न्युए ‘पहिलं वायफाय राष्ट्र’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. या डोमेनचं खरं उत्पन्न देशाला मिळालं नाही ही न्युए सरकारची तक्रार आहे, आणि त्यांनी त्यासाठी स्वीडनमध्ये दावाही लावला. माझ्या मते तक्रारीत तथ्य आहे. डोमेनची कमाई परदेशात आणि शाळांना लागणारी यंत्रं देणगीतून, ही मांडणीच एका लहान देशाला परावलंबी ठेवते.

यंत्र

लॅपटॉप आले ते ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या अमेरिकी संस्थेचे. निकोलस निग्रोपॉन्टी यांनी 2005 मध्ये दावोसला शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली होती. प्रत्यक्षात किंमत दोनशेच्या जवळ गेली. पॅसिफिकमध्ये हे काम सेक्रेटरिएट ऑफ द पॅसिफिक कम्युनिटी या प्रादेशिक संस्थेच्या साहाय्याने झालं.

यंत्र खरोखर कल्पकतेने बनवलेलं होतं आणि ते मान्य करायला हवं. एक्सओ-1 असं त्याचं नाव. हिरवा-पांढरा, दीड किलोच्या आतला. वर दोन कान, तेच अँटेना. पडदा भर उन्हात वाचता येई. फिरती हार्ड डिस्क नाही, त्यामुळे आपटलं तरी फारसं बिघडत नसे. कीबोर्ड रबराचा, सलग, धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून. शेजारशेजारचे लॅपटॉप आपसात जाळं विणत, म्हणजे एकाला इंटरनेट मिळालं की ते पुढच्याला देता येई. प्रत्येकात कॅमेरा आणि मायक्रोफोन. आत विंडोज नव्हतं. लिनक्सवर चालणारी ‘शुगर’ नावाची लहान मुलांसाठीची रचना होती, तिच्यात लिहायला, चित्रं काढायला, संगीत जुळवायला, पडद्यावरच्या कासवाला आज्ञा देऊन भूमितीच्या आकृत्या काढायला साधनं होती.

संस्थेची पाच तत्त्वं होती. लॅपटॉप मुलाच्या मालकीचा. वय लहान, सहा ते बारा. एकाही मुलाला वगळायचं नाही. सगळे जोडलेले. सगळं सॉफ्टवेअर खुलं. यांतलं तिसरं तत्त्व, कोणालाही न वगळण्याचं, न्युएने जगात सर्वांत आधी पूर्ण केलं. आणि ते करताना दुसरं तत्त्व मोडलं, कारण हायस्कूलच्या मुलांनाही तेच यंत्र दिलं गेलं.

हा मुद्दा वरकरणी किरकोळ वाटतो, तो तसा नाही. आठ वर्षांच्या मुलाला कासवाशी खेळत कोनाची कल्पना येते, ते त्याच्या अभ्यासाला जुळतं. सोळा वर्षांच्या मुलीपुढे वर्षाच्या शेवटी न्यूझीलंडची परीक्षा असते. तिला निबंध लिहायचा असतो, तक्ता करायचा असतो, प्रयोगवही पूर्ण करायची असते आणि ते शिक्षकांच्या संगणकावर उघडेल अशा रूपात द्यायचं असतं. 433 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि 256 एमबीची मेमरी असलेलं, लहान बोटांसाठी घडवलेलं यंत्र तिच्या कामाचं नव्हतं. देशात हायस्कूल एकच असताना त्या मुलांसाठी वेगळं काहीतरी शोधणं अवघड नव्हतं. पण ‘प्रत्येक मूल’ या शब्दांना बातमीत वजन होतं.

कुठे अडलं

पहिली अडचण आडातलीच. बेटावर वायफाय होतं खरं, पण ते वायफाय ज्या दोरीने जगाशी जोडलेलं होतं ती दोरी म्हणजे उपग्रह. समुद्राखालची केबल नव्हती. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर जवळजवळ 36,000 किलोमीटरवर असतो. इथून प्रश्न वर जायचा, खाली उतरायचा, उत्तर तसंच परत यायचं. नुसत्या प्रवासालाच जवळपास अर्धा सेकंद. त्याहून मोठी अडचण रुंदीची. सगळ्या देशाची दफ्तरं, दुकानं, घरं त्याच एका चिंचोळ्या वाटेने जात होती आणि तिथे आणखी पाचशे यंत्रं आली. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? शाळेतच एक सर्व्हर ठेवून पुस्तकं, चित्रं, धडे त्यावर भरून ठेवायचे आणि मुलांनी तिथूनच घ्यायचे, ही सोय संस्थेच्या मूळ रचनेत होती. पण असा सर्व्हर आपोआप भरत नाही. कोणते धडे, कोणत्या इयत्तेला, कोणत्या भाषेत, हे कोणीतरी बसून ठरवायला लागतं, आणि ते ठरवणारा माणूस शाळेतला असावा लागतो.

दुसरी अडचण दुरुस्तीची. एक्सओचा रबरी कीबोर्ड पाण्याला दाद देत नसे, पण त्याची बटणं अडकून बसत आणि टचपॅड वेडंवाकडं चाले, ही तक्रार अनेक देशांतून आली होती. आता न्युएचं विमान आणि जहाज आठवा. एखादा चार्जर गेला, एखादा कीबोर्ड गेला, तर तो अलोफीच्या दुकानात मिळत नाही. परदेशातून मागवायचा, ऑकलंडला यायची वाट पाहायची, मग आठवड्याच्या विमानाची. त्यातच जानेवारी 2009 मध्ये, म्हणजे न्युएत वाटप झाल्यावर पाच महिन्यांत, मूळ संस्थेनेच आपली निम्मी माणसं कमी केली. शुगर बनवणारे काही जण त्याआधीच बाहेर पडून वेगळं काम करू लागले होते. ज्या संस्थेच्या भरवशावर देशाने हे सारं उभं केलं, तिचाच पाय डळमळला होता.

पाचशे यंत्रांना दोनशे डॉलरच्या हिशेबाने एक लाख डॉलर लागतात. समजा त्यातली शंभर यंत्रं कमी आणली असती आणि ते वीस हजार डॉलर सुट्या भागांना व एका स्थानिक दुरुस्ती करणाऱ्या मुलाच्या पगाराला ठेवले असते, तर? तर ‘पहिला देश’ हा मान गेला असता. माझ्या मते तो जाऊ देण्यासारखा होता.

तिसरी अडचण शिक्षकाची, आणि तीच सगळ्यात खोल आहे. या साऱ्या कल्पनेच्या तळाशी एक विश्वास होता: मूल स्वतः शिकतं, त्याच्या हाती साधन द्या आणि बाजूला व्हा. हा विश्वास खोटा नाही, अपुरा आहे. शाळा वेळापत्रकावर चालते. सोमवारी तिसऱ्या तासाला लॅपटॉप कशासाठी उघडायचा, ज्याचा चार्ज संपलाय त्याने काय करायचं, जे घरी विसरलेत त्यांना काय द्यायचं, आणि त्या तासात जे झालं त्याचे गुण कुठे मांडायचे, याची उत्तरं शिक्षकाकडे नसतील तर तो दोन-तीनदा प्रयत्न करतो आणि मग ‘बॅगेत ठेवा’ म्हणतो. त्याला दोष देता येत नाही. त्याच्यासमोर परीक्षा आहे.

याच संस्थेच्या यंत्रांची सर्वांत मोठी तपासणी पेरूमध्ये झाली. ग्रामीण भागातल्या 319 शाळा निवडून काही शाळांना लॅपटॉप दिले, काहींना नाही, आणि फरक मोजला. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने 2012 मध्ये निष्कर्ष मांडले. गणित आणि भाषेच्या गुणांत फरक पडला नव्हता. सामान्य विचारशक्तीच्या काही चाचण्यांत थोडी वाढ दिसली. मुलं यंत्र चालवायला शिकली होती, पण वर्गात शिकवायची पद्धत बदललेली नव्हती.

खैरात

याच हिरव्या लॅपटॉपचा भारतातला पहिला प्रयोग महाराष्ट्रात झाला. केंद्राच्या शिक्षण खात्याने 2006 मध्ये ही कल्पना शैक्षणिकदृष्ट्या संशयास्पद म्हणून नाकारली होती. तरी 2007 मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैरात गावच्या जिल्हा परिषद शाळेत थोडे लॅपटॉप आले. एक खोली, एक शिक्षक, पहिली ते चौथीची मिळून वीसेक मुलं.

न्युएशी ताडून पाहावं असं इथे काही आहे. एकशिक्षकी शाळेतली रोजची कसरत ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे: चौथीला भागाकार शिकवताना पहिलीला पाटीवर गिरवायला बसवायचं, दुसरीला पाढे म्हणायला लावायचं, तिसरीकडे मधूनच वळून पाहायचं. तिथे मुलाला गुंतवून ठेवील आणि शिकवीलही अशा साधनाला वेळापत्रकातच जागा असते. ती आधीपासून रिकामी असते. न्युएत तशी जागा नव्हती. तिथे इयत्तेला वर्ग होता, विषयाला तास होता, आणि लॅपटॉप त्या भरलेल्या दिवसात कुठेतरी घुसवायचा होता. खैरातसारखी शाळा एका माणसावर उभी असते, त्याची बदली झाली की प्रयोगही जातो, ही तिची दुसरी बाजू. पण यंत्राला जागा आहे का, हा प्रश्न आधी विचारायचा असतो, हे त्या एका खोलीत जितकं स्पष्ट दिसतं तितकं अहवालांत दिसत नाही.

ज्यांचं टिकलं

उरुग्वेने 2007 मध्ये हेच यंत्र घेतलं आणि ऑक्टोबर 2009 पर्यंत सरकारी प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला दिलं. त्यांनी त्यासाठी ‘सेइबाल’ ही स्वतःची संस्था उभी केली. दुरुस्ती देशातच. यंत्रं जुनी झाली तेव्हा नवी, दुसऱ्या बनावटीची घेतली, कारण त्यांची निष्ठा यंत्रावर नव्हती. आणि मग त्यांना स्वतःची खरी उणीव सापडली: इंग्रजी शिकवायला शिक्षक पुरेसे नव्हते. त्यांनी दूरवरचा इंग्रजी शिक्षक पडद्यावर वर्गात आणला आणि वर्गातल्या बाईंना त्याच्या जोडीला ठेवलं. बाईंना इंग्रजी येत नसेल तरी कोणता मुलगा गप्प बसलाय हे त्यांना कळतं. पडद्यावरच्याला ते कळत नाही. ही जोडी मला फार मोलाची वाटते.

उरुग्वे चौतीस लाखांचा देश आहे, न्युएला तसली संस्था परवडणार नाही, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. पण न्युएच्या पायाशीच एक जुनं उदाहरण होतं. युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिक 1968 मध्ये फिजीत सुरू झाली. ती बारा देशांची मिळून आहे आणि न्युए त्यांतला एक. एकट्याला विद्यापीठ परवडत नाही म्हणून बारा जणांनी एक केलं. फिजीच्या राजधानीतल्या, सुवातल्या मुख्य आवारातून बेटाबेटांवर शिकवायचं कसं, याचं उत्तर त्यांनी 1970 च्या दशकात नासाच्या एटीएस-1 या उपग्रहावर शोधलं. हवामानाच्या आणि संपर्काच्या प्रयोगांसाठी सोडलेला हा जुना उपग्रह, त्यावरून नुसता आवाज जाई. सुवातला शिक्षक बोलायचा, हजारो किलोमीटरवरच्या केंद्रात मुलं ऐकायची, बटण दाबून शंका विचारायची. 1985 मध्ये उपग्रह थांबला तेव्हा त्यांनी इतर मार्ग धरले. 2000 मध्ये जपान, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या पैशांतून यूएसपीनेट हे त्यांचं स्वतःचं उपग्रह जाळं आलं.

यात बातमी होईल असं काही नव्हतं. खरखरणारा आवाज, टपालाने येणारी पुस्तकं. पण अभ्यासक्रम होता, ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळेला शिक्षक बोलायचा, शेवटी परीक्षा होती, आणि प्रत्येक बेटावर एक केंद्र व तिथे बसलेला एक माणूस होता. तंत्र तीनदा बदललं तरी हे चार खांब तेच राहिले, म्हणून ते टिकलं.

जे करता आलं असतं

मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती कॅमेरा आणि मायक्रोफोनची.

पाचशे मुलं. प्रत्येकाच्या हाती आवाज टिपणारं आणि चित्र घेणारं यंत्र. चार वर्षांपूर्वी वादळाने संग्रहालय नेलेलं. भाषा धोक्यात, आणि ती नीट बोलणारी म्हातारी माणसं प्रत्येक घरात, चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. या बेटाच्या शाळेला लॅपटॉप कशासाठी हवा, याचं याहून सरळ उत्तर मला सुचत नाही. आठवड्याला एक तास: आजोबांकडून होडी कशी कोरतात ते ऐकून आणा, आजीकडून टोपली विणण्याचे शब्द घेऊन या, वादळाच्या रात्री घरात कोण कुठे होतं ते विचारा. दुसऱ्या तासाला ते वगहाउ न्युएत लिहा, तिसऱ्याला इंग्रजीत. शाळेच्या सर्व्हरवर ठेवा आणि एक प्रत ऑकलंडला पाठवा, म्हणजे पुढचं वादळ ती नेणार नाही. याला वेगवान इंटरनेट लागत नाही. मुलांना ते ओझं वाटत नाही. शिक्षकाला ते गुणांत मांडता येतं, कारण हा भाषेचाच तास आहे. एवढ्या थोड्या माणसांच्या भाषेत पुस्तकं काढायला कोणताही प्रकाशक पुढे येणार नाही. ती पुस्तकं मुलांनीच घडवायची, आणि ती घडवण्याचं साधन 2008 मध्ये त्यांच्या दप्तरात होतं.

पण योजना ज्यांनी आखली त्यांच्या पाच तत्त्वांत बेट नव्हतं. ती तत्त्वं पेरूला, रवांडाला, मंगोलियाला आणि न्युएला सारखीच लावलेली होती.

2021 मध्ये न्युए मनाटुआ केबलवर आलं. सामोआ, न्युए, कुक बेटं आणि फ्रेंच पॉलिनेशिया यांना जोडणारी ही समुद्राखालची साडेतीन हजार किलोमीटरहून लांब तार आहे, आणि न्युएच्या फाट्याला न्यूझीलंडने मोठा हातभार लावला. आता दोरी रुंद झाली. हायस्कूलला भौतिकशास्त्राचा शिक्षक मिळत नसेल तर ऑकलंडमधला शिक्षक पडद्यावर बोलावता येईल, शेजारी बेटावरचा शिक्षक बसवून. उलट दिशेलाही ती तार चालते. ऑकलंडमध्ये वाढणारी न्युएची मुलं बेटावरच्या मुलांहून कितीतरी जास्त आहेत, आणि त्यांना भाषा ऐकवू शकतील अशी माणसं बेटावरच्या तुआपा, हाकुपू, लिकू या गावांत आहेत. अलोफीजवळच्या त्या एकुलत्या एक प्राथमिक शाळेत शुक्रवारचा एक तास त्यासाठी ठेवायला नव्या यंत्रांची खरेदी लागणार नाही. मुख्याध्यापकांनी वेळापत्रकात एक चौकोन मोकळा करायचा आहे आणि गावातून कोणाला बोलवायचं त्यांची यादी करायची आहे.